ताबा आणि जबाबदारी



मोटारदुरुस्ती व्यावसायिकांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. आणि त्या अधिकाराने, आपल्या गॅरेजांतून नित्य उद्भवणाऱ्या, पण कधीच नीट निकाली न निघणाऱ्या एका तंट्याकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. क्लचच्या कामासाठी गाडी स्वतःच्या चाकांवर चालत येते, सुट्या भागाची वाट पाहत आठवडाभर उभी राहते, आणि काम पुरे होऊन मालक चावी फिरवतो तेव्हा बॅटरी मेलेली असते. 'येताना ती ठीक होती,' असे मालक म्हणतो. 'ती जुनीच होती,' असे मेकॅनिक म्हणतो. आणि पुष्कळदा दोघांचेही म्हणणे खरे असते.

सहा कोषांची शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भारित असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू करण्यासाठी काही क्षण जोरदार प्रवाह देणे हे तिचे कार्य, रिती होऊन पडून राहणे हा तिचा घात. दार अर्धवट लागल्यामुळे पाच वॅटचा एक दिवा जळत राहिला, तरी ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तो सुमारे साडेतीन दिवसांत रिकामी करतो, आणि ती तशीच राहिली की पट्ट्यांवरील लेड सल्फेट कठीण होऊन तिची भार धारण करण्याची शक्ती कायमची घटते. उलटपक्षी, अनेक उन्हाळे सोसलेली बॅटरी निर्दोष हाताळणीतही दगा देते.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यान्वये दुरुस्तीस आलेली गाडी हा निक्षेप, म्हणजे ठरावीक कामापुरती आपल्याकडे सोपवलेली वस्तू, होय. कलम १५१ अन्वये, सामान्य सुज्ञ मनुष्य स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी आपण घेतली पाहिजे. आणि ती घेतली असेल, तर कलम १५२ आपणांस, विशेष करार नसल्यास, नुकसानीतून मुक्त करते. मात्र ती काळजी घेतल्याचे दाखवून देणे आपल्याकडे येते, कारण गाडी आपल्या ताब्यात असताना काय घडले हे मालकाला कळण्याचा मार्गच नसतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. गाडी हवाली होताच बॅटरीचे वय, व्होल्टेज आणि भारचाचणीचा निष्कर्ष मालकासमक्ष जॉबकार्डावर नोंदवून त्याची सही घ्यावी. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर ऋण टोकाची वायर सोडावी, अथवा त्यामुळे गाडीतील नोंदी पुसल्या जात असतील तर चार्जर लावावा. हे सर्व करूनही जीर्ण बॅटरी मेली, तर खर्च मालकाचा. आपल्या कसुरीने मेली, तर तिच्या उरलेल्या आयुष्याच्या प्रमाणात भरपाई आपली. आणि नोंदच केलेली नसेल, तर संशयाचा फायदा मालकाला मिळावा. यातील कोणतीही रक्कम गॅरेजातल्या उमेदवार पोराच्या पगारातून कापली जाऊ नये, कारण त्याला शिस्त शिकवण्याचे कर्तव्य उस्तादाचे असते.

आपल्याकडे गाडी सोपवणारा मनुष्य यंत्राविषयी अजाण असतो आणि आपण जाणते असतो. या जाणतेपणाचा मोबदला आपण घेतो, तर त्याचा भारही आपणच उचलला पाहिजे. या आशयाचा ठराव परिषदेने एकमताने संमत करावा, अशी आग्रहाची विनंती करून मी आपली रजा घेतो.