सापाला उंदीर केवढा द्यायचा?

मागच्या एपिसोडनंतर दारव्ह्याकडून एका मित्राचा व्हॉइस मेसेज आला. सोयाबीन काढताना धामण सापडली, ती त्याने झाकणाच्या बादलीत ठेवलीय. विचारतोय, "दादा, हिला उंदीर केवढा टाकू?"

आधी याचं उत्तर. एकही टाकू नको. धामण, नाग, घोणस, अजगर घरात पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. शिवाय पकडलेला, घाबरलेला साप बहुतेक खातच नाही, उलट आधी गिळलेलं ओकतो. वनविभागाच्या 1926 वर फोन कर. आजच, उद्या नाही.

मग "केवढा" हा प्रश्न कोणाचा? बॉल पायथनसारखा परदेशी साप परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदवून पाळतात, त्यांचा. इथे रील्सनी फार घोळ घातलाय. "सापाचा जबडा निखळतो, काहीही गिळतो." निखळत वगैरे काही नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं हनुवटीपाशी एकमेकांना जुळलेली नसतात, मधला बंध ताणला जातो. म्हणून तोंड मोठं उघडतं. पण तोंडात मावलं म्हणजे पोटात पचलं असं नाही.

माप तोंडाचं घ्यायचंच नाही. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग बघा. उंदीर जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे साधारण तेवढाच हवा, फार तर सव्वापट. खाल्ल्यावर पोटावर हलका फुगवटा दिसला की बस. पिल्लाला साधारण आठवड्याने, मोठ्याला दोन आठवड्यांनी. नंतर दोन दिवस हात लावू नका. मित्रांना दाखवायला तर नाहीच.

मोठा उंदीर दिला तर? साप स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, बाहेरची घेतो. ऊब कमी पडली की पचायच्या आधी उंदीर आतच सडायला लागतो आणि साप तो ओकतो. त्यात पोटातलं आम्ल अन्ननलिकेला भाजतं. लहान पिल्लू यात मरूही शकतं. आपल्या यवतमाळात डिसेंबरच्या रात्री लाइट गेली की हीट मॅट बंद, खोली गार! म्हणून त्या दिवसांत मी म्हणेन, नेहमीपेक्षा बारीक उंदीर द्या. लाइटचा भरवसा नसेल तर त्या दिवशी देऊच नका. मोठ्या सापाला एक पाळी चुकली तर काही होत नाही.

ओकलाच तर लगेच दुसरा उंदीर देऊ नका. पाणी ठेवा, दहा-चौदा दिवस थांबा, मग आधीपेक्षा लहान द्या. पुन्हा ओकला तर प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

आणि जिवंत उंदीर शक्यतो नकोच. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापालाच कुरतडतो. फ्रीझरमधला कोमट पाण्यात पूर्ण वितळवून द्या. मायक्रोवेव्हमध्ये नाही, प्लीज.