शंका कोणाची, पुरावा कशाचा?

(भाषणाचा मजकूर)



आपल्या घरातील मुलेमुली आज महाविद्यालयात, कचेरीत, दवाखान्यात, न्यायालयात जाऊन बसू लागली आहेत. आईबापांस वाटते, आता काळजी मिटली. परंतु तेच लेकरू रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःस विचारीत असते, "मी या जागेस खरोखर लायक आहे काय? उद्या माझे पितळ उघडे पडले तर?" या मनःस्थितीविषयी मला आज आपणांशी बोलावयाचे आहे.

पॉलिन क्लान्स व सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७८ साली या अवस्थेवर निबंध लिहून तिला नाव दिले. त्यांनी पाहिलेल्या दीडशेच्या वर स्त्रिया विद्या व हुद्दा यांत पुढे गेलेल्या होत्या. तरीही त्या स्वतःस तोतया समजत. आपण जगास फसविले असून ते आज ना उद्या उघडकीस येणार, ही त्यांची धास्ती. गंमत अशी की, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून जो तोतया पुढे आला, त्यास अशी शंका छळीत असल्याचे ऐकिवात नाही!

ही शंका मुलांच्या मनात आपोआप उपजते की कोणी पेरते? कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आपण समजून घ्यावा. उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांस त्यांनी कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले, आणि सुटेल त्या प्रत्येकास पैसे ठेविले. ज्या गटांत जातीचा उच्चार झाला नाही, तेथे वरच्या व खालच्या म्हणविल्या जाणाऱ्या जातींची मुले सारखीच ठरली. ज्या गटांत मात्र प्रत्येकाचे नाव, गाव, बाप, आजा आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखविली, तेथे खालच्या म्हटलेल्या मुलांची कामगिरी घसरली. कागद तेच, वय तेच. अधिक होती ती केवळ एक घोषणा.

ही घोषणा मीही ऐकली आहे. माझ्या घराण्यात काळा कोट घालणारा मी पहिलाच. सनद घेऊन थोडे दिवस झाले होते. वकिलांच्या खोलीत एका ज्येष्ठ वकिलांनी चहा पिता पिता विचारले, "तुमचा प्रवेश कोणत्या कोट्यातून?" चारजण हसले. मी सकाळी केलेल्या युक्तिवादाविषयी मात्र कोणी एक शब्दही विचारला नाही. त्यानंतर प्रत्येक कागद मी तीन तीनदा वाचीत असे, आणि तरीही मागच्या बाकावर बसत असे.

याची किंमत माझ्यापुरती राहिली असती तर मी ती येथे सांगितली नसती. एका शेतमजूर विधवेचा जमिनीच्या हिश्श्याचा दावा मजकडे होता. दावा मुदतबाह्य आहे, असे समोरच्या वकिलांनी मांडले. उत्तर माझ्या हातातील फाइलीत होते. पण ते एवढे मोठे वकील, त्यांचे चुकेल कसे, माझेच काही समजण्यात चुकले असेल, असे मनाशी म्हणून मी पुढची तारीख मागून घेतली. बाईंची त्या दिवसाची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले. त्या मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, आपलं खोटं हाय का?"

त्या रात्री मी वकिलाच्या रीतीने विचार केला. पुरावा कायद्याचे तत्त्व आहे की, जो एखादी गोष्ट खरी म्हणून मांडतो, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. १८७२ च्या कायद्यात ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. मी नालायक आहे, असे म्हणणाऱ्याने पुरावा कोणता दिला होता? एक हसणे. आणि माझ्या बाजूस पदवी, सनद व वाचलेली फाइल! असा निवाडा कोणी न्यायाधीशाने दिला असता तर मी त्यावर अपील केले असते; स्वतःविरुद्ध मात्र तोच निवाडा मी मुकाट्याने मान्य करीत होतो.

१९१८ साली बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. त्या हरकतीत त्यांच्या अर्थशास्त्राविषयी एक अक्षर तरी होते काय?

म्हणून आईबापांस माझी विनंती आहे. मुलांच्या मनातील दोन प्रश्न निराळे करावयास त्यांस शिकवा. "मला हा विषय येतो काय?" हा प्रश्न चांगला आहे, त्याचे उत्तर पुस्तकात सापडते. "मी येथे बसावे काय?" हा प्रश्न प्रवेश मिळाला तेव्हाच निकालात निघाला. जागा राखीव असेल तर ती संविधानाच्या अनुच्छेद १५ व १६ प्रमाणे मिळालेली आहे, कोणाच्या मेहेरबानीने नव्हे. परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात स्पष्ट केलेच आहे. आणखी एक. "साऱ्या समाजाचे नाक तुझ्या हाती" असे मुलास परीक्षेच्या तोंडावर सांगू नका. प्रेमाने सांगितले तरी तीही एक घोषणाच असते.

पुढच्या तारखेस मी उभा राहिलो. आवाज कापत होता, हे कबूल करतो. मुदतीचा मुद्दा मांडून झाल्यावर न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले आणि एवढेच विचारले, "पान कितवे?"

पान मला ठाऊक होते.