पडदा तेवढे पान
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाचे संकेतस्थळ नव्याने उभारताना मोबाइलसाठी दुसरे, छोटे संकेतस्थळ वेगळे काढावे, अशी सूचना पुढे आली आहे. तिला माझा विरोध आहे.

छापील पानाचा आकार छापणारा ठरवितो. ही स्मरणिका इंदूरला उघडा की कोचीला, तिची लांबीरुंदी तीच. संकेतस्थळाचे पान मात्र कोणत्या पडद्यावर उमटेल, हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. तरीही सजावटीच्या हौसेपायी रचनाकारांनी त्याला ठरावीक रुंदीत कोंडले. २००७ साली आयफोन आला, त्याने ही रुंद पाने आक्रसून दाखविली. अक्षरे मुंगीएवढी! बोटांनी ती मोठी करावीत, तर ओळीचा शेवट पडद्याबाहेर.

मे २०१० मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने यावर उपाय मांडला. त्याचे नाव ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’. आपण ‘प्रतिसादी रचना’ म्हणू. स्तंभांची रुंदी ठाम मापात न देता प्रमाणात द्यावी, चित्रांना स्तंभाबाहेर जाऊ देऊ नये, आणि पडद्याची रुंदी पाहून मांडणी बदलावी. तीन स्तंभ शेजारी मावत नसतील, तर ते एकाखाली एक येतात. मजकूर एकच राहतो. २०११ मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाने हीच रीत स्वीकारली.

दोन संकेतस्थळे म्हणजे दोन वह्या. आरतीची वेळ एकीकडे दुरुस्त होणार, दुसरीकडे जुनीच राहणार. आणि सांभाळणारा कार्यकर्ता आपल्याकडे एकच!

शिवाय आपल्या लिपीची एक अडचण आहे. देवनागरीच्या डोक्यावर वेलांटी-रफार, पायाशी उकार. इंग्रजी अक्षरे डोळ्यांपुढे ठेवून चौकटीची उंची बांधली, की ‘मूर्ती’चे डोकेही छाटले जाते आणि पायही. ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ हे शब्द तर अरुंद बटणात मावतच नाहीत. म्हणून उंचीही सैल हवी.

अनेक घरांत मोबाइल हाच एकमेव संगणक आहे. आणि ज्येष्ठांचे काय? संगणकावर अक्षरे चौपट केली, की प्रतिसादी पान अरुंद पडद्याची मांडणी घेते. ओळ वाचण्यासाठी ते आडवे सरकवावे लागत नाही. वेगळ्या छोट्या संकेतस्थळाने ही सोय होणार नाही.

कार्यकारिणीने मान्यता देण्यापूर्वी नवी पाने सभासदांपैकी कोणाच्या तरी सर्वांत लहान, जुन्या मोबाइलवर उघडून पाहावीत, अशी माझी विनंती आहे. सभासद-नोंदणीचा अर्ज सर्वांत आधी.