ठासणीची बंदूक, एक हरीण, सगळ्यांचे वाटे

आजचा भाग पेनसिल्व्हेनियातून. इथे नाताळ झाला की 26 डिसेंबरच्या सुमारास हरणाच्या शिकारीचा एक वेगळाच सीझन सुरू होतो. त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. 1974 पासूनची ही प्रथा. माझ्या टीममधल्या मित्राचं अख्खं कुटुंब जातं. यंदा मीही गेलो, बघ्या म्हणून.

ही ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, मग कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगीने कानाजवळची रंजक पेटते आणि मग बार उडतो. मध्ये क्षणभर उशीर. आपल्या भाषेत लेटन्सी! तेवढ्यात हात हलला की संपलं. आणि रिट्राय नाही. पुन्हा भरेपर्यंत हरीण पसार.

म्हणून मित्राच्या बाबांनी पहिलं हरीण सोडून दिलं. "लांब आहे, नुसतंच जखमी होईल," म्हणाले. दुसरं पन्नासेक पावलांवर आडवं उभं राहिलं, तेव्हा बार काढला. धुरात काही दिसेना. मग सगळ्यांनी बर्फातला माग काढला. मादी थोड्याच अंतरावर पडली होती. टॅग लावला, ओढायला चौघं लागले.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार हरीण मारणं म्हणजे गुन्हा, त्यामुळे मला आधी कसंसंच झालं. पण इथे शिकारीचं मांस विकता येत नाही. खायचं, नाहीतर वाटायचं. पहिला वाटा निघाला तो शेजारच्या आजींचा. त्या हिशोबाने माझं मन जरा निवलं.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा.