आवाजाची परीक्षा

नभोवाणीवरील आवाजाच्या परीक्षेस निघालेला उमेदवार घशाची फार काळजी वाहतो. खडीसाखर चघळतो, ताक वर्ज्य करतो. अडतें तें बहुधा उच्चारांत. अमीन सयानी लहानपणापासून मुंबई केंद्राच्या इंग्रजी कार्यक्रमांत बोलत. तरी हिंदी निवेदनाच्या परीक्षेंत त्यांना नकार मिळाला, कारण त्यांच्या हिंदींत गुजराती व इंग्रजी वळण डोकावे. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठीं ‘रहबर’ हें पाक्षिक तीन लिप्यांत काढीत. त्या कामांत सोपी हिंदुस्थानी त्यांच्या जिभेवर रुळली, आणि १९५२ सालीं सिलोन नभोवाणीवरून ‘बिनाका गीतमाला’ तींतच घुमूं लागली. उमेदवारानें रोज वर्तमानपत्र मोठ्यानें वाचावें, घरच्यांस टोकूं द्यावें. ‘प’ आणि ‘भ’ म्हणतांना श्वास मायक्रोफोनवर आदळतो. तेवढ्यापुरतें तोंड किंचित् कलतें असावें.