परसातली भाजी आणि घरचे बी
(पालक-सभेत केलेले भाषण)



अन्नाचा प्रश्न निघाला की आपण आधी धान्याकडे पाहतो. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. आज तशी स्थिती नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. परंतु रेशनच्या पिशवीत भाजी नसते. मजुरीला खाडा पडला की घरात सर्वप्रथम भाजी बंद होते. पोट भरते, पण अंगात रक्त राहत नाही. याचा सर्वात जास्त त्रास घरातल्या बायकांना आणि मुलींना होतो, कारण त्या सर्वांच्या मागून जेवतात.

यावर उपाय आपल्याच जिल्ह्यातील एका बाईंनी दाखविला आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. फवारलेल्या भाज्यांनी नातवंडे आजारी पडतात, असे त्यांच्या मनाने घेतले. मग त्यांनी वाल, घेवडा, भात, नाचणी यांचे जुने गावरान बी जमा करून घरातच बियाण्यांची बँक उभी केली. 'बायफ' संस्थेने त्यांना साहाय्य केले. बी न्यावे आणि पीक आल्यावर दुप्पट परत करावे, असा त्यांचा व्यवहार. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात.

यातील मर्म बियाण्यात आहे. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, कारण त्याच्या पिकाचे बी धरले तर पुढचे पीक एकसारखे येत नाही. गावरान वालाचे तसे नाही. मात्र आपल्याकडे चांगल्या शेंगा खाऊन उरल्यासुरल्या बियाण्याला ठेवतात, हे उलटे आहे. जोमदार, निरोगी वेल आधी हेरून त्यावरच्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. बी कडक वाळवून राख लावून मडक्यात ठेवावे.

जागा नाही, असे कोणी म्हणेल. न्हाणीच्या सांडपाण्यावर एक शेवगा आणि एक भोपळ्याचा वेल सहज जगतो. पाथर्डी-जामखेडच्या कोरड्या भागातही शेवगा तग धरतो, आणि त्याचा पालाही भाजीला चालतो. शेळीच्या लेंड्या व चुलीची राख घरात असतेच. लेंडीखत मात्र कुजलेलेच घालावे. किडीसाठी ५० ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून फवारावी. औषधाच्या दुकानाची पायरी चढायचे कारण नाही.

ज्यांची एक-दोन एकर जमीन आहे त्यांना मात्र माझे सांगणे निराळे आहे. सगळे रान एकदम सेंद्रिय करू नका. पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न घटू शकते, आणि गरिबाला ती घट सोसत नाही. आधी परस, मग बांध, मग एखादा गुंठा. सेंद्रिय मालाला शहरात भाव मिळतो हे खरे, परंतु आज मी बाजारासाठी बोलत नाही, घरच्या ताटासाठी बोलतो आहे.

काही पालक मला विचारतात, "सर, मातीतच हात घालायचे तर पोराला शाळेत कशाला घातले?" पोराने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, मीही त्यासाठीच शिकवतो. पण तोवर दहा-बारा वर्षे त्याला वाढायचे आहे, आणि सकाळच्या तासाला उपाशी पोटी आलेल्या मुलाला गणित कळत नाही हे मी रोज पाहतो. शिवाय आपल्यातील बागवान मंडळींचे तर नावच बागेवरून पडले आहे. त्यांच्याकडून शिकायला लाजू नये.

मी घेवड्याचे आणि वालाचे थोडे बी आणले आहे. सभा संपल्यावर वर्गप्रतिनिधींकडून ते घ्यावे व वहीत नाव लिहावे. पुढच्या वर्षी दुप्पट आणून द्यावे लागेल.