डोंगरातल्या ओव्या आणि कलावंत म्हणवून घेण्याचा हक्क

(भोसरी येथे कंपनी-कामगार व घरकामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



‘आपल्या भागातला निसर्ग आणि इथले कलावंत’ या विषयावर बोलायला मला सांगितलं, तेव्हा एकीनं विचारलं, आपल्या भागात निसर्ग उरलाय कुठे? प्रश्न रास्त आहे. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, 1982 साली महानगरपालिका झाली, आणि मग कारखाने चाकणपर्यंत पसरत गेले. पण पश्चिमेला मावळ-मुळशीचे डोंगर आहेत, उत्तरेला खेड आहे. पवना आणि इंद्रायणी तिकडूनच येतात. आणि आपल्यातल्या कितीतरी जणी त्या डोंगरातूनच इथे आल्या, कुणी लग्न होऊन, कुणी धरणात जमीन गेली म्हणून.

त्या डोंगरातल्या कलावंतांविषयी मला बोलायचं आहे. त्यांच्या हातात कुंचला नव्हता, जात्याचा खुंटा होता.

जातं ओढलेल्या इथे किती जणी आहेत? हात वर करा. बऱ्याच आहेत की. मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहाटे तीन-चारला उठायचं, घर निजलेलं असायचं. एकटीनं नाहीतर सासू-सुनांनी, जावाजावांनी मिळून दळायचं. एका हाताने घास घालायचा, दुसऱ्या हाताने ओढायचं. त्या घरघरीत दोन ओळींची ओवी जोडायची, मधे ‘बाई’, ‘सांगते’ अशी भर घालत ती लांबवायची. दिवसभरात बाईला स्वतःचं बोलायला मोकळीक मिळायची ती एवढीच, आणि तीही राबताना. आपण कष्ट आणि कला असे दोन कप्पे करतो. जात्यापाशी ते एकच काम होतं.

आता या ओव्यांमधला निसर्ग कसा आहे ते बघा. शहरातल्या चित्रप्रदर्शनात सह्याद्री असतो, धुकं असतं, लांब एखादी झोपडी असते. माणूस बहुधा नसतोच, बाई तर नाहीच. ओवीतला पाऊस मात्र भावाच्या शेतावर पडतो. ओवीतली नदी माहेरच्या वाटेवर आडवी येते. जाई-जुई, तुळस, केळ, जोंधळा हे सगळे नात्यातले असतात, कुणी लेक, कुणी भाऊ. सीतेच्या वनवासाच्या ओव्या तुम्ही ऐकल्या असतील. रामाने टाकलेली सीता रानात रडते, तेव्हा तिची समजूत काढायला येतात त्या बोरी-बाभळी. काटेरी झाडं! चंदन नाही, आंबा नाही. ज्या बाईनं हे पहिल्यांदा जोडलं तिचं आपल्याला नाव माहीत नाही, पण टाकलेल्या बाईजवळ कोण उभं राहतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. रामकथेची एवढी कडक टीका मी कुठल्या शिबिरात ऐकलेली नाही.

सगळ्याच ओव्या अशा बंडाच्या असतात असं मात्र कुणी समजू नये. मुलगा व्हावा म्हणून, नवऱ्याच्या मोठेपणाच्या, जातीच्या अभिमानाच्या ओव्याही ढिगाने आहेत. जे बाईच्या मनात घातलं गेलं तेही तिथे आहे. तरी त्याच जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या आल्या. दलित वस्तीतल्या बायांनी आपला भीमराव देवाधर्माच्या जुन्या चालीतच बसवला, आणि चाल मोडली नाही तरी तिचा अर्थ बदलला.

हे सगळं गोळा कुणी केलं? साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या जमवल्या. सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे आयुष्यभर हेच काम केलं. आपल्या भागापुरतं सांगायचं तर, पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटव्हिन यांनी ऐंशीच्या दशकात मुळशीच्या डोंगरातल्या गरीब डोंगरी संघटनेच्या बायांबरोबर हे काम सुरू केलं. पुढे ते राज्यभर पसरलं. हजारावर गावं आणि लाखाच्या वर ओव्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, या ओव्या आवाजासकट लोकांसमोर आणत आली आहे.

या कामातली मला सर्वात मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: ओवीपुढे गाणारीचं नाव आहे आणि गावाचंही. मुळशीच्या कोळवडे गावच्या ताराबाई उभे. नांदगावच्या कुसुम सोनवणे. परभणीकडच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे. ‘लोकगीत, पारंपरिक’ एवढं लिहून हात झटकले नाहीत. संघटनेच्या बायांनी या ओव्यांवर बैठकांमधून चर्चाही केली, हे आपलं म्हणणं आहे की आपल्याकडून म्हणवून घेतलेलं आहे, अशी.

नाव का महत्त्वाचं, ते सांगते. बहिणाबाई चौधरी 1951 साली गेल्या, त्यांची गाणी 1952 साली छापली गेली. ती हाती लागली, कारण त्यांचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता, गाणी उतरवून ठेवलेली होती, आणि ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली. बहिणाबाईंचा मोठेपणा याने कमी होत नाही. पण ज्यांच्या घरात कवी मुलगा नव्हता त्या बहिणाबाई कुठे गेल्या?

आज त्यातल्या काही आपल्या वस्त्यांमध्ये आहेत. साठ-सत्तरीच्या आजीबाई. सून चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे, आजी घरात नातवंडं सांभाळते. गिरणी आली तेव्हा जातं सुटलं. बरंच झालं, जात्याच्या कष्टाबद्दल उसासे टाकण्यात मला रस नाही, ते उसासे बहुतेक वेळा कधीच न दळलेल्यांचे असतात. पण जात्याबरोबर ती पहाटेची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात बाईला दुसरी जागा कुणी दिली नाही.

आणि ओव्यांमधला मुलूखही बदलला. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 ते 1924 या काळात शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. तरी गावं पाण्याखाली गेली. पवना धरण सत्तरच्या दशकात भरलं, त्यातल्या विस्थापितांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. आपण नळाला तोंडी ‘पाणी आलं’ म्हणतो ते त्याच पवनेचं. धरणातून थेट पिंपरी-चिंचवडला येणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळात आंदोलन झालं, 9 ऑगस्ट 2011 रोजी पोलिसांनी गोळीबार केला, तीन जण मेले. त्यात एक बाई होती. आळंदी-देहूच्या ओव्यांमधली इंद्रायणी न्हाण्याची, पाप धुण्याची नदी. आज आळंदीला तिच्यावर पांढरा फेस तरंगताना दिसतो, साबणाचा आणि कारखान्यांचा. तेव्हा निसर्गाची कला जपायची म्हटलं तर नदीचंही बोलावं लागेल. भिंतीवर ओव्या रंगवायच्या आणि नाल्याकडे पाठ करायची, हे चालणार नाही.

आता कामाचं बोलते.

महाराष्ट्र शासनाची वयोवृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे. कीर्तनकार, तमासगीर, शाहीर, भजनी यांना ती माहीत असते. अर्जाबरोबर कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. ओवी गाणारीनं कुठले पुरावे आणायचे? तिचा कार्यक्रम पहाटे चारला, स्वयंपाकघरात, श्रोता कुणी नाही. हँडबिल नाही, फोटो नाही, प्रमाणपत्र नाही. योजना लिहिणाऱ्यांच्या डोक्यात कलावंत म्हणजे स्टेजवरचा माणूस, आणि स्टेजवर बाईला आपण किती दिवस चढू दिलं ते वेगळं सांगायला नको. म्हणून आपली मागणी अशी हवी की ध्वनिमुद्रण आणि गावातल्या दोन-चार बायांची साक्ष हा पुरावा धरावा.

दुसरं, कायदा. कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्या कलाकाराचे हक्क आले. ओवी परंपरेची असली तरी तुमच्या गळ्यातून निघालेलं ध्वनिमुद्रण तुमच्या संमतीशिवाय कुणी करून विकू शकत नाही. 2012 च्या दुरुस्तीने तर सादर करणारीचं नाव लावण्याचा हक्कही मान्य केला. कुणी मोबाइल घेऊन आलं, ‘आजी, जरा म्हणा ना’ म्हणालं, तर आधी विचारायचं, हे कुठे जाणार? नाव लागणार का? पैसे मिळणार असतील तर कुणाला? आजीला हे विचारायचा संकोच वाटेल. तिच्या शेजारी आपल्यातली एक बसलेली असावी.

तिसरं, आपणच नोंदी करायला घेऊ. मोबाइल सगळ्यांकडे आहे. प्रत्येक वस्तीत दोघींनी जबाबदारी घ्यायची. ओवीबरोबर नाव, माहेर, सासर, ओवी कुणाकडून शिकली, हे वहीत लिहायचं. जात लिहायची की नाही हे गाणारीला विचारून ठरवायचं. आणि न आवडणाऱ्या ओव्याही गाळायच्या नाहीत. संपादन करण्याचा मोह आपल्या चळवळीतल्या बायांना फार होतो.

वही आणि संमतीपत्राचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी संमती आवाजात घ्यायची, तसं नमुन्यात लिहिलं आहे. चहानंतर तळेगावकडच्या आणि चाकणकडच्या बायांनी वेगवेगळं बसावं, म्हणजे वस्त्या वाटून घेता येतील. पहिल्या रांगेतल्या आजींना मघापासून काही म्हणायचं आहे, त्यांना माइक द्या.